पॉवर किती?

जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार, हे निदान आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडला तरी आता कुणाला सांगावं लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात पेशंट निघायला लागले आणि बघता बघता आकडा दोनशेच्या वर गेला, टीव्हीवर दिवसभर तेच, चिकनची दुकानं ओस पडली, घरोघरी पाणी उकळणं चालू. त्या आकड्यातली एक मी. फक्त मला झालं तेव्हा बातमी बाहेर आलेली नव्हती त्यामुळे पहिले काही दिवस मला काय होतंय हे घरात आणि ग्राउंडवर कुणालाच कळेना.

मी खो-खो खेळते. सहावीपासून. तेव्हा अकरावीत होते, जिल्ह्याच्या टीममध्ये पक्की होते आणि डोक्यात एकच होतं, ज्युनियर नॅशनल खेळायची आणि जानकी पुरस्कार आणायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अठरा वर्षांखालच्या मुलींमध्ये जी सगळ्यात भारी खेळते तिला तो मिळतो. आणि अठरा म्हणजे अठरा, त्यात सूट नाही. हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे सगळं गणित त्यावरच आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला पोट बिघडलं, जुलाब, थोडा ताप, दोन-तीन दिवसांत बरं पण वाटलं. मग आठवडाभराने पायाच्या बोटांना मुंग्या. मी म्हटलं नवीन शूज असतील. मग चप्पल पायातून निसटायला लागली, म्हणजे मी चालतेय आणि चप्पल मागेच राहतेय आणि मला कळतपण नाहीये. आईला वाटलं जुलाबाचा अशक्तपणा, फॅमिली डॉक्टरांनाही तेच वाटलं, ओआरएस आणि गोळ्या.

तरी मी प्रॅक्टिसला गेले. आक्रमणाला बसलो होतो, मी पाटीवर मधल्या चौकात, आणि मागून पाठीवर खो मिळाला. ज्याने खो-खो खेळलाय त्याला माहितीय, खो ऐकल्यावर विचार करायचा नसतो, कान आणि मांड्या यांचं थेट कनेक्शन असतं, आवाज आला की शरीर सुटतं. मला खो ऐकू आला. दिशा ठरली. आणि मांड्यांनी काहीच केलं नाही. दोन्ही हात जमिनीवर टेकून मी उठायला बघतेय आणि गुडघे सरळ होतच नाहीयेत, खो देणारी ओरडतेय, उठ उठ उठ, आणि मी तिथेच एका कुशीवर कलंडले. दुखलं नाही काही. सगळे हसले, मी पण हसले. सरांनी मात्र जवळ येऊन मला उठायला सांगितलं, दोनदा, मग काही न बोलता बाबांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉयलेटमध्ये बसले ती उठताच येईना, आईने आणि दादाने मिळून बाहेर काढलं. सोळा वर्षांच्या मुलीला मोठ्या भावाने असं उचलणं म्हणजे काय ते मी लिहित बसत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी छोटी हातोडी गुडघ्याखाली मारली. एरवी पाय उडतो ना, तसा उडलाच नाही. घोट्याला मारली, तिथेही नाही. त्यांचा चेहरा तेव्हाच बदलला. मग पाठीतून पाणी काढलं, मग ती एनसीव्ही नावाची टेस्ट ज्यात नसांना बारीक बारीक शॉक देऊन करंट कसा पळतो ते बघतात. आयसीयूमध्ये पलीकडच्या बेडवर आमच्याच बाजूचा एक काका माझ्याआधीच आलेला होता, सेम तक्रार. डॉक्टर बाबांना म्हणाले, हे असे एकदम इतके पेशंट आम्ही कधी बघितले नव्हते.

समजावून सांगितलं ते असं की आधी जे इन्फेक्शन झालं त्याच्याशी लढायला शरीराने जी फौज काढली ती चुकून आपल्याच नसांवर गेली. नस म्हणजे वायर धरा, वरचं कोटिंग खरवडलं गेलं तर करंट हळू पळतो आणि ते कोटिंग तसं लवकर भरून येतं, पण आतली तारच दुखावली असेल तर ती नव्याने वाढावी लागते आणि तिचा वेग साधारण दिवसाला एक मिलीमीटर. माझ्या रिपोर्टमध्ये दोन्ही थोडं थोडं होतं. दादाने लगेच मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला, कमरेपासून अंगठ्यापर्यंत किती मिलीमीटर. मी त्याला म्हटलं बंद कर ते. (नंतर मी पण केलं. सगळेच करतात.)

या आजाराला नाव १९१६ पासून आहे, दोन फ्रेंच सैनिकांवरून तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, आणि आमच्याकडे बायका खाली पार्किंगमध्ये म्हणत होत्या की नवीनच रोग आलाय चीनमधून. एका काकूंनी आईला विचारलं, आमच्या पोरांना लागणार तर नाही ना? जीबीएस एकापासून दुसऱ्याला लागत नाही. आधीचं पोटाचं इन्फेक्शन पसरू शकतं, आणि बऱ्याच पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला तो त्यातलाच, म्हणून पाणी उकळा म्हणत होते. पण तेव्हा कोण ऐकतंय. आजीने तर मीठ-मोहरी हॉस्पिटलात आणली होती ओवाळायला, सिक्युरिटीने खालीच अडवली.

औषध म्हणजे आयव्हीआयजी, हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मापासून बनवतात, किलोमागे दोन ग्रॅम असा हिशोब, पाच दिवसांत विभागून सलाईनसारखं सोडतात. खर्च लाखात. सरकारने मोफत उपचारांचं जाहीर केलं ते नंतर, तोपर्यंत बाबांनी रिक्षाच्या पेपरवर आणि मामाकडून उचल करून भरून टाकले होते. आणि औषधाने चढणारा आजार थांबतो फक्त, झालेलं नुकसान ते भरून देत नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, मला वाटत होतं पाचवी बाटली संपली की मी उठणार. उलट त्यानंतरच सगळ्यात वाईट दिवस आले. आधी पाय, मग कंबर, मग हात, मग चेहरा. डोळे मिटेनात. झोपताना सिस्टर ड्रॉप टाकून पापण्यांवर मायक्रोपोरची पट्टी लावायच्या, नाहीतर बुबुळ सुकतं.

आणि दर काही तासांनी डॉक्टर येऊन म्हणायचे, एक मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे मोज. एक दोन तीन चार. वीसच्या पुढे गेलं तर छान, खाली यायला लागलं की श्वासाचे स्नायू दमतायत, मग व्हेंटिलेटर. मी एकदा बारापर्यंत आले. दम लावणं हे खरं कबड्डीवाल्यांचं काम, आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो, आणि इथे मी तेराव्या आकड्यासाठी जीव काढत होते. व्हेंटिलेटर लागला नाही. थोडक्यात वाचले. पलीकडच्या काकांना लागला.

त्याच आठवड्यात दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप चालू होता. १३ ते १९ जानेवारी, पहिलाच, आणि आमची पूर्ण टीम मिळून फायनल बघायची असं डिसेंबरपासून ठरलेलं. मुलींची कॅप्टन प्रियांका इंगळे, पोरांचा प्रतीक वाईकर, दोन्ही आपल्या महाराष्ट्राचे. १९ तारखेला रात्री पट्टी लावायला आलेल्या सिस्टरनी मोबाईलवर बघून सांगितलं, अगं जिंकल्या गं मुली, नेपाळला हरवलं, ७८-४०. मुलं पण जिंकली, ५४-३६. मला इतका आनंद झाला, आणि चेहरा हललाच नाही. ओठ नाही, गाल नाही, काहीच नाही. सिस्टर म्हणाल्या काय गं, तुला आवडलं नाही का? बोलायला गेले तर शब्द पण गोळा होऊन बाहेर आले. मग त्यांनी डोळ्याला पट्टी लावली आणि गेल्या. त्या रात्रीइतकी मी कधीच रडले नाही असं म्हणणार होते पण पट्टीमुळे धड रडता पण येत नव्हतं.

दुखायचं हे कुणी सांगत नाही. लोकांना वाटतं लकवा म्हणजे बधीर. अंगावरची चादर घासली तरी आग व्हायची, कंबर आणि मांड्या रात्रभर ठणकायच्या, आणि कूस स्वतः बदलता येत नाही म्हणून दर दोन तासांनी कुणीतरी येऊन वळवणार. लघवीची नळी, डायपर, त्यातच पाळी आली. एक सिस्टर रोज सकाळी माझे केस विंचरून दोन घट्ट वेण्या घालायच्या, मॅचला घालतो तशा. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी दादाला विचारून माझा फोटो बघितला होता.

आता रिहॅबचं, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलंय.

फिजिओथेरपीत सगळं पॉवरवर चालतं. शून्य ते पाच. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे स्नायू नुसता फडफडतो, दोन म्हणजे आडवं सरकवता येतं पण उचलता येत नाही, तीन म्हणजे वजनाविरुद्ध उचलता येतं, चार म्हणजे समोरच्याने दाबलं तरी थोडं टिकतं, पाच म्हणजे नॉर्मल. चारमध्ये परत चार मायनस, चार प्लस. वॉर्डात सगळे नातेवाईक एकमेकांना हेच विचारतात, जेवण झालं का नाही विचारत, पॉवर किती विचारतात. मला हे लगेच जमलं कारण स्कोअर म्हटलं की माझं डोकं चालतं. आयसीयूतून बाहेर आले तेव्हा खांदे तीन, मनगट दोन, मांड्या एक, पावलं शून्य. मी म्हटलं ठीके, शून्यावरून पाचावर न्यायचंय, मेहनत करायची, मेहनत आपल्याला येते.

आणि इथेच माझं आणि फिजिओ ताईंचं वाजलं. मी अंथरुणावर पडून हात उचलायचे दहा, ताई म्हणायच्या बस. मी म्हणायचे अजून दोन. आमचे सर सहावीपासून हेच म्हणत आलेत, दम लागल्यावर जे दोन मारशील ना तेच खरे, बाकीचे दहा वॉर्मअप. ताई म्हणायच्या तुझ्या सरांना नमस्कार सांग, पण इथे नाही. कारण खेळाडूचा स्नायू थकतो आणि रात्रीत भरून येतो, जास्त भरून येतो, ट्रेनिंग म्हणतात ते हेच. माझ्या स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या वायरीच थोड्या उरलेल्या, त्यांनाच सगळा भार, त्यांना दमवलं तर दोन दिवस मागे जायला होतं. ताईंचा नियम एकच, सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जड वाटलं तर काल जास्त झालं.

सर भेटायला आले तेव्हा योगायोगाने ताई तिथेच होत्या. मी बसल्या जागी समोरच्या टेबलावरून प्लॅस्टिकचे कोन उचलून रचत होते, हात थरथरायला लागले, आणि सर सवयीने म्हणाले, अजून दोन. ताई त्याच क्षणी म्हणाल्या, बस. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघायला लागले, मी कोन हातात धरून तशीच. मग सर म्हणाले, मॅडम, तुम्ही सांगाल तसं. सरांना कुणापुढे असं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं, एकदा स्टेट मॅचला पंचांशी भांडून पिवळं कार्ड घेतलेला माणूस आहे तो.

पण खरं सांगू का, थांबणं हे मेहनतीपेक्षा कितीतरी अवघड आहे. मेहनतीला टाळ्या असतात. दहा झाल्यावर हात खाली ठेवून अर्धा तास नुसतं छताकडे बघत पडायचं याला कोण काय म्हणणार? भेटायला येणारे सगळे उलटं बोलायचे, जिद्द सोडू नकोस, फायटर आहेस तू, जोर लाव. जोर लावूनच तर चालणार नव्हतं! मला त्या काळात सगळ्यात जास्त राग जिद्द या शब्दाचा यायचा, अजूनही थोडा येतो.

जे सगळ्यात शेवटी गेलं ते सगळ्यात आधी परत आलं. चेहरा पहिला, स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढायचे, गाल फुगवायचे, आरशासमोर ई आणि ऊ. मग हात. घरी आल्यावर आजीने कणकेचा गोळा पुढ्यात ठेवला, मळ म्हणाली, हॉस्पिटलात ती रंगीत माती दाबायला देतात तिच्यापेक्षा हे बरं, निदान पोळ्या तरी होतील. पहिल्या दिवशी गोळ्याला माझ्या बोटांचे ठसेपण उमटले नाहीत. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिजिओला जायचं म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दादा आणि खालचा वॉचमन मला उतरवणार, मग बाबांची रिक्षा, मग सिंहगड रोडचं ट्रॅफिक, तासभर व्यायाम, आणि तेच सगळं उलटं. संडासाला खुर्ची केली मध्ये भोक असलेली.

उभं राहणं पहिल्यांदा टिल्ट टेबलवर झालं, म्हणजे पट्ट्यांनी बांधून टेबलच हळूहळू उभं करतात. इतके दिवस आडवं राहिल्यावर बीपी सांभाळायचं शरीर विसरतं, साठ अंशापर्यंत आले आणि डोळ्यांपुढे काळं, परत खाली. मग पॅरलल बार, मग वॉकर, मग कुबडी. पावलं मात्र लोंबतीच, म्हणून एएफओ, पाऊल धरून ठेवणारा तो प्लॅस्टिकचा पोटरीपासून तळव्यापर्यंतचा आधार, त्यावर एक नंबर मोठा शूज.

मध्ये एकदा दादाने मार्कस बाबेलचं शोधून काढलं, जर्मन फुटबॉलर, लिव्हरपूलला असताना २००१ मध्ये त्याला हेच झालं, व्हीलचेअरवर होता, आणि नंतर परत खेळला, २००७ मध्ये श्टुटगार्टबरोबर बुंडेसलिगा जिंकणाऱ्या टीममध्ये होता. मी तो फोटो मोबाईलवर वॉलपेपर केला होता. ताईंनी बघितला आणि म्हणाल्या छान आहे, पण तो डिफेंडर होता ना, उभ्याउभ्या खेळायचा. तुझा गेम चौकात बसून सुरू होतो.

ते अगदी बरोबर होतं. आता वर्ष उलटून गेलंय. मी चालते, जिना चढते कठडा धरून, बारावीची परीक्षा बसून स्वतःच्या हाताने लिहिली, हळू पळते पण. लांबून बघणाऱ्याला कळतही नाही. मांड्या चार प्लस, पावलं तीन ते चारच्या मध्ये कुठेतरी. पण जमिनीवर उकिडवं बसून हात न टेकता एका झटक्यात उठणं, ते नाही येत. ताई म्हणतात मोठ्या स्नायूंचा झटक्यात लावायचा जोर सगळ्यात शेवटी येतो, आणि काहींना थोडी कसर कायमची राहते. तुला राहील का हे मला आज सांगता येत नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं याचं मला बरं वाटलं.

ग्राउंडवर मी जाते, गुण लिहायला बसते, बारक्या पोरींना खांबावरून वळताना पाय कुठे टाकायचा ते दाखवते. आधी जायचेच नाही. ग्राउंडवरून घरात खो खो आवाज यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे, आईने एकदा न विचारता उघडली, मी परत लावली, असं काही दिवस चाललं आणि मग एक दिवस आमच्यातल्या दोघी सरळ घरी आल्या आणि म्हणाल्या स्कोअरशीटला कुणी नाहीये, येतेस का, बास.

सर मागच्या आठवड्यात म्हणाले, अठरा पूर्ण व्हायला अजून काही महिने आहेत तुला, निवड चाचणीला संरक्षणात ट्राय करू, त्यात उभीच असतेस, बसायचं नाही. म्हणजे जानकीचं राहू दे पण एकदा ज्युनियरची जर्सी तरी. बाबा नको म्हणतात, आई काहीच म्हणत नाही. मला संरक्षण कधीच आवडायचं नाही, मी आक्रमणाची प्लेअर, पण दोन दिवस झाले सकाळी गच्चीवर दोन कुंड्या खांबांसारख्या ठेवून मध्ये तिरकं पळून बघतेय. दहा फेऱ्या, मग बस. काल संध्याकाळी जड वाटलं नाही, आज सकाळीही नाही. गुरुवारी ओपीडी आहे, ताईंना तेव्हा विचारणार, आणि डाव्या एएफओचा वरचा पट्टा सुटलाय तोही बदलून घ्यायचाय.